डावं मागचं चाक

१२ नोव्हेंबर १९९५, रविवार. सकाळी आठपर्यंत खाडीकडून धुकं. नंतर स्वच्छ ऊन. वारा नाही. गारवा नावापुरता.

हवामान आधी लिहायची माझी जुनी सवय. दिवस कसाही गेला तरी निदान पहिली ओळ बरोबर असते!

लूमच्या कारखान्यात कापसाचे तंतू साचतात ना, तसे किस्से साचतात. सकाळी झाडून काढा, दुपारी पुन्हा पंख्यावर, खिडकीवर, चहाच्या कपात. दत्तूच्या गाडीचे किस्से असेच साचले. वर्षभर मी ते वहीत लिहीत गेलो. तेव्हा वाटायचं, एकदा ती चाकं बसली की सगळ्यांना वाचून दाखवू आणि पोट धरून हसू. आज चाकं बसली. म्हणून सांगतो.

नारपोलीत माझं लेथचं दुकान आहे. लूमचे बुश, गियर, शाफ्ट, जे झिजेल ते घडवून द्यायचं. शाळा सातवीत सुटली, पण हातात कायम पट्टी आणि वही, म्हणून लोक 'मास्तर' म्हणतात. एका बाजूला दत्तू पाटलाचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला हनीफशेठचा लूमचा कारखाना. दत्तूचं खरं काम टेम्पो दुरुस्तीचं. त्याच्याकडे पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम युसुफचाचा करतात. वय साठ, नजर अधू, हात सोन्याचा, आणि तोंड कधी बंद नाही.

एवढीच माणसं. आणि जवळच्या गावात, पूर्ण्याला, दत्तूचे बाबा.

*

गाडी मुळात हनीफशेठच्या भावाची. त्याने आखाती देशातून आणलेली, दोन दारांची, जपानी, स्पोर्ट्स कार. इथे येऊन महिना झाला नाही तोच मागून ट्रकने ठोकलं. भाऊ परत निघून गेला, गाडी कारखान्याच्या भिंतीला लागून पडली. दोन पावसाळे तिच्यात मांजरं व्यायली.

एक दिवस हनीफशेठ दत्तूला म्हणाले, "घेऊन जा रे बाबा ही. येता-जाता डोळ्यांत खुपते."

दत्तूने ढकलत आणली. मागचे दोन्ही बाजूचे पत्रे चेपलेलेच होते. नवे बनवायचेच तर रुंद का नको? धामणकर नाक्यावरच्या रद्दीवाल्याकडे मला एक फाटकं परदेशी मासिक मिळालं होतं. त्यात अशाच एका गाडीचा फोटो होता, चाकांवरचे पत्रे फुगवलेले, जणू छाती काढून उभी आहे. दत्तूने तो फोटो भिंतीला चिकटवला. चाचांनी तीन महिने पत्रा ठोकला. मागची बाजू दोन्हीकडून चांगली अडीच-अडीच इंच बाहेर आली.

दत्तूने गाडीचा फोटो काढला आणि पूर्ण्याला बाबांना दाखवायला गेला. मीही बरोबर होतो. बाबा पडवीत घोंगडी पांघरून बसले होते. फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उलटा करून पाहिला.

"ही गारी हाय का म्हस?" बाबा म्हणाले. "आंग म्हशीचं आन् पाय बकरीचं!"

खरंच होतं! रुंद पत्र्याच्या आत कंपनीची ती बारीक चाकं खोल जाऊन बसली होती. मासिकातले लोक जे चार पानं लिहीत होते, ते बाबांनी एका वाक्यात सांगितलं.

पण दत्तू हसला नाही. त्याला अकरा वर्षांपूर्वीचं वाक्य आठवत होतं. शेत सोडून तो गॅरेजला गेला तेव्हा बाबा म्हणाले होते, "दुसऱ्याच्या गाड्यांखाली झोपशील जलमभर." त्यानंतर बाबा कधी गॅरेजला आले नव्हते. एकदाही नाही.

निघताना बाबा म्हणाले, "चालती करून आन. मंग बसन मी. मागं बसन, शेटसारका."

दत्तूने पूर्ण्यापासून नारपोलीपर्यंत स्कूटर चालवली. गॅरेजला पोचल्यावर म्हणाला, "मास्तर, चाकं."

*

चाकं म्हटलं की प्रश्न आला ऑफसेटचा. हे मी त्या मासिकावरून, डिक्शनरी घेऊन, बावीस दिवसांत समजून घेतलं. मग चहाच्या टपरीवर दोघांना समजावलं.

"रिम म्हणजे बिनबुडाचा डबा समजा. त्याच्या आत एक ताट आडवं वेल्ड केलेलं असतं. ते ताट गाडीला बोल्टने बसतं. ताट डब्याच्या बरोबर मधोमध असेल तर ऑफसेट शून्य. ताट गाडीच्या बाजूला सरकवलं तर चाक बाहेर येतं. रस्त्याच्या बाजूला सरकवलं तर चाक आत जातं. आणि डब्याच्या आतल्या काठापासून ताटापर्यंतचं अंतर म्हणजे बॅकस्पेसिंग. ते जितकं जास्त, तितकं चाक आत."

युसुफचाचांनी बिस्किट बुडवलं, विचार केला, आणि म्हणाले, "मतलब थाली अंदर तो पहिया बाहर. थाली बाहर तो पहिया अंदर."

"बरोबर!"

"मास्टर, इसमें किताब की क्या जरूरत थी? ये तो मेरे घर का हिसाब है. मैं अंदर, तो बेगम बाहर!"

*

असल्या रिम विकत मिळायचा प्रश्नच नव्हता. जीपच्या जुन्या रिम कापायच्या, मधे पट्टी घालून आठ इंच रुंद करायच्या, आणि ताट हव्या त्या जागी वेल्ड करायचं. वेल्डिंग चाचांचं, लेथवर सरळ करणं माझं. म्हणजे बॅकस्पेसिंग आपल्या हातात. याचा आम्हाला फार अभिमान वाटला. नंतर कळलं, चूकसुद्धा आपल्याच हातात!

पहिलं माप मी घेतलं. गाडी जॅकवर, चाकं काढलेली, पट्टी लावून, तीनदा मोजून. बॅकस्पेसिंग १०० मिलिमीटर. रिम तयार झाल्या, रंगवल्या, टायर चढवले, बोल्ट आवळले. वहिनींनी, म्हणजे दत्तूच्या बायकोने, चाकांना हळदकुंकू लावलं. चाकापुढे लिंबू ठेवलं. दत्तूने जॅक खाली घेतला.

गाडी खाली आली. येता येता पत्रा टायरवर टेकला आणि तिथेच राहिला. माणूस स्टुलावर बसतो तशी गाडी आपल्याच चाकांवर बसली. पुढे ढकला, हलत नाही. मागे ढकला, हलत नाही.

जॅकवर असताना चाक खाली लोंबकळत असतं. खाली घेतल्यावर वर येतं. हे मी विसरलो होतो. बावीस दिवस अभ्यास करून!

वहिनी लिंबाकडे बघून म्हणाल्या, "लिंबू तेवढं शाबूत आहे."

वहीत त्या दिवशी लिहिलंय: चूक माझी.

*

मग मी प्लायवुडची एक चकती केली. चाकाच्या जागी बोल्टने बसणारी, आणि कडेने खिळे बाहेर सरकणारे. गाडी आपल्या वजनावर विटांवर उभी करायची, चकती फिरवायची, खिळा कुठे टेकतो ते बघायचं. फारच छान यंत्र झालं. त्यामुळे एक नवीन गोष्ट कळली. डाव्या बाजूचा पत्रा उजव्यापेक्षा चौदा मिलिमीटर जास्त बाहेर होता!

मी चाचांना विचारलं. चाचा शांतपणे म्हणाले, "बायां बुधवार को पूरा किया था. दायां जुम्मे के दिन. जुम्मे को मुझे नमाज की जल्दी रहती है."

"चाचा, चौदा मिलिमीटर!"

"नमाज भी तो छोटी नहीं थी!"

पत्रा पुन्हा ठोकायला तीन महिने. त्यापेक्षा दोन बाजूंना दोन वेगळी बॅकस्पेसिंग सोपी. डावीकडे ११४, म्हणजे ऑफसेट शून्य. उजवीकडे १२८. मी दोन्ही ताटांवर आतून पंचने 'डा' आणि 'उ' ठोकलं. चूक व्हायला जागाच ठेवली नाही.

यावेळी जॅक खाली घेतल्यावर गाडी लोटली आणि ती चालली. दत्तूने तिच्या टपावर हात ठेवला आणि तसाच उभा राहिला.

*

हवा भरून घ्यायला दत्तू तिला धामणकर नाक्यावर घेऊन गेला. मी दुकानात होतो. अर्ध्या तासाने एक रिक्षावाला सांगत आला, "मास्तर, चला. दत्तूशेट रस्त्यावर बसलेत."

नाक्याच्या मधोमध गाडी उभी. मागे टेम्पो, हातगाड्या, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. उजव्या बाजूचा पत्रा वळताना टायरने ओढून फाडला होता. डब्याचं झाकण उघडावं तसा. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "दत्तूशेट, टेम्पोच बरा होता!"

मी वाकून आत पाहिलं. उजवीकडच्या चाकावर अक्षर होतं 'डा'.

टायरवाला हात पुसत आला. अगदी खुशीत होता. "हवा मारता मारता मागची दोन्ही चाकं इकडची तिकडे केली, शेट. टायर सारखे झिजतील. त्याचे वेगळे पैसे नाहीत, आपल्या माणसाचं काम!"

जगातल्या सगळ्या गाड्यांना ते चांगलं असतं. एक सोडून.

दत्तू रस्त्याच्या कडेला बसला आणि फाटलेला पत्रा हाताने सरळ करू लागला. पूर्ण्याची माणसं नाक्यावर रोज असतात. त्याच दिवशी बातमी पोचणार हे त्याला माहीत होतं.

त्यानंतर तो म्हणाला, "आता गाडी घेऊनच पूर्ण्याला जायचं. त्याच्याआधी नाही."

*

पत्रा सांधला. चाकं जागच्या जागी आली. रिकामी गाडी झकास चालायची. मग दत्तू म्हणाला, "बाबा मागे बसणार. त्यांच्या वजनाला चाक घासलं तर?"

"किती वजन असेल?"

"बाबा म्हणजे दोन पोती, मास्तर! भाताची दोन पोती एका दमात खळ्यावरून घरात न्यायचे. मी लहानपणी दारात उभा राहिलो तर म्हणायचे, बाजूला हो, तुझ्यासकट उचलीन."

हनीफशेठच्या गोदामातून सुताची दोन पोती आणली. पन्नास-पन्नास किलोची. मागच्या सीटवर डावीकडे, एकावर एक, दोरीने बांधून. चाचांनी वरच्या पोत्याला आपली टोपी घातली आणि म्हणाले, "सलाम, पाटीलसाब."

गाडी गॅरेजच्या उंबऱ्यावरून उतरली आणि डावं मागचं चाक घासलं. खर्र!

मग सुरू झाला खरा त्रास. बॅकस्पेसिंग वाढवून १२० केलं, तर चाक आतल्या बाजूला कमानपाट्यांना घासलं; ट्रकच्या धक्क्याने डावीकडच्या पाट्या थोड्या बाहेर सरकल्या होत्या. ११७ केलं, तर आत-बाहेर दोन्हीकडे घासलं. तीच रिम चार वेळा कापली, चार वेळा वेल्ड केली. दत्तू टेम्पोवाला माणूस, त्याने कमानीत टेम्पोची एक पाटी जास्त घातली. मग अजून एक घातली. गाडी उंच झाली, खड्ड्यात दणके देऊ लागली, पण दोन पोती ठेवली की घासतच राहिली.

मी एकदा म्हटलं, "दत्तू, पूर्ण्याला जाऊन नक्की वजन तरी विचारून ये ना."

दत्तूने हातातला पाना खाली ठेवला. "बापाला वजन विचारतात काय, मास्तर?"

खरं तर मी स्वतः जाऊन यायला हवं होतं. मोजल्याशिवाय मी लेथवर साधा बुशसुद्धा चढवत नाही. पण ती दोन पोती मी वहीत तशीच लिहून घेतली. बॅकस्पेसिंगच्या खाली, शाईने.

*

गणपतीच्या सुमारास हनीफशेठच्या ऑफिसात दत्तूसाठी फोन आला. पूर्ण्याहून त्याची बहीण कुसुम. ऑफिसात लूमच्या आवाजामुळे ती ओरडून बोलत होती, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू आलं.

"दादा, बाबा जेवत न्हाईत. निसती पेज घेतात. तू येऊन जा."

"येतो ना. चाकं बसली की गाडी घेऊनच येतो."

"चाकं र्‍हाऊ दे रे!"

"त्यांनाच विचार, गाडी पाहिजे का नको."

पलीकडे ती बाबांना विचारायला गेली. मग कुसुम म्हणाली, "इचारलं. म्हनतात, गारी आन. पर बेगीन आन."

दत्तूने फोन ठेवला. हनीफशेठ म्हणाले, "तू माझ्या गाडीतून जा. आत्ता जा."

"ती तुमची गाडी आहे, शेठ," दत्तू म्हणाला आणि परत गाडीखाली जाऊन झोपला.

*

शेवटचा उपाय चाचांचा. पत्र्याची जी कड आत वळलेली असते, तीच टायरला लागते. ती कड दाबून सपाट करायची. त्यासाठी टायर आणि पत्रा यांच्यामध्ये एक मजबूत, गुळगुळीत काठी घालायची आणि गाडी हळूहळू पुढे-मागे ढकलायची. काठी कड दाबत जाते. पण काठी कुठली? बांबू चिरला. फावड्याचा दांडा मोडला. चाचा उठले, शेजारी गेले आणि एक काठी घेऊन आले. लूममध्ये धोट्याला फटका मारते ती पिकिंग स्टिक. लाकूड असं की दिवसभर मार खाऊन वाकत नाही!

डावीकडची कड लोण्यासारखी दबली. सहा मिलिमीटर मिळाले! आम्ही तिघे नाचायचेच बाकी होतो. उजवीकडे लावली, गाडी ढकलली, आणि काठीचे दोन तुकडे.

तेवढ्यात हनीफशेठ दारात. "सहा नंबरचा लूम बंद आहे. माझी स्टिक कुठाय?"

चाचांनी दोन्ही तुकडे पुढे केले. "शेठ, ये रही. अब दो हो गईं!"

शेठने तुकडे पाहिले, गाडी पाहिली, दत्तूचा चेहरा पाहिला. आत गेले आणि दुसरी काठी घेऊन आले. "ही पण मोडा," म्हणाले. "पण बसवा एकदाची ती चाकं."

दत्तू म्हणाला, "उजवीकडे नको शेठ. शेठ लोक डावीकडे बसतात. उजवीकडे कोणी बसायचंच नाही."

डावीकडची रिम पाचव्यांदा कापली. बॅकस्पेसिंग परत ११४. जिथून सुरुवात केली तिथेच! दोन पोती बांधली. उंबरा, खड्डा, उजवं वळण, डावं वळण. घासलं नाही. पुन्हा केलं. घासलं नाही. टायर आणि पत्रा यांच्यात ८ मिलिमीटर जागा राहिली. पोती काढल्यावर १९.

हा परवाचा शुक्रवार. चाचांची नमाज त्या दिवशी पहिल्यांदा चुकली.

*

आणि आज. धुकं विरल्यावर निघालो. दत्तू चालवत होता, मी शेजारी. मागे कोणी नाही, त्याने सीटवर वहिनींची धुतलेली चादर पसरली होती. नाक्यावर टायरवाल्याने दुरून हात केला. दत्तूने न थांबता हॉर्न दिला.

पूर्ण्यात नव्या गोडाऊनच्या रांगेमागे दत्तूचं घर. कुसुम दारात उभी होती. तिने गाडीकडे पाहिलंच नाही, दत्तूकडे पाहिलं. "लय येळ लावलास, दादा."

दत्तू आत गेला. दोन मिनिटांनी बाहेर आला. बाबा घोंगडीत गुंडाळलेले, त्याच्या एका हातावर. दुसऱ्या हाताने त्याने गाडीचं दार उघडलं.

"थांब," बाबा म्हणाले. "पाय दाव आधी."

दत्तू त्यांना घेऊन मागच्या चाकाजवळ वाकला. बाबांनी घोंगडीतून हात काढला, टायरवर ठेवला. वरून खालपर्यंत फिरवला.

"आता म्हशीचं झालं," बाबा म्हणाले. "बसव. मागं बसव. शेटसारका."

दत्तूने पुढची सीट वाकवून त्यांना मागे डावीकडे बसवलं. घोंगडी नीट केली. मग बाहेर येऊन माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने गुडघ्यावर बसलो होतो, पट्टी हातात होती. मी मोजलं. पुन्हा मोजलं.

"मास्तर, किती?" दत्तूने विचारलं.

मी पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने स्वतः मोजलं.

डावं मागचं चाक. बॅकस्पेसिंग ११४, ऑफसेट शून्य. टायर आणि पत्रा यांच्यातलं अंतर:
रिकामी गाडी, १९ मिलिमीटर.
दोन पोती, ८ मिलिमीटर.
बाबा, १९ मिलिमीटर.